हुरडा, दोन बादल्या वाळूसकट

मुलांनो, आधी एक काम करा. जिथे बसला असाल तिथेच डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही एका अशा गावात राहता जिथलं सगळ्यात म्हातारं झाड तुमच्या गुडघ्याला लागतं. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरांनाही नंबरच. पहाटे कोंबडा आरवत नाही, भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की हजार सायकली एकाच दिशेला निघतात. गावाच्या टोकाला चिमण्या आहेत, पण त्या दाणे टिपणाऱ्या नव्हेत, धूर सोडणाऱ्या. तुमच्या वर्गात चाळीस मुलं आहेत आणि त्यांच्यातल्या एकाचेही आजोबा या गावात जन्मलेले नाहीत. निदान तिथं सगळे असंच सांगत. ज्यांचे आजोबा तिथंच जन्मले होते, ते मागच्या दारानं भांडी घासायला येत, त्यामुळे ते हिशेबात नसत.

आता डोळे उघडा. हे गाव म्हणजे भिलाई, साल एकोणीसशे बासष्ट, जानेवारी महिना. आणि सेक्टर चारमधल्या एका क्वार्टरच्या ओसरीत तांब्याभर पाणी पिऊन, मिशा पुसून पंजाबराव बोलायला लागले आहेत. म्हणजे विषय हुरड्याचा असणार.

पंजाबराव मूळचे आर्वीकडचे. कारखान्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. त्या कचेरीत प्रत्येकाकडे मिरवायला काही ना काही होतं. बंगाली बाबूंकडे मासा होता, मद्रासी बाबूंकडे कॉफी होती, पंजाबी बाबूंकडे उंची होती. पंजाबरावांकडे नुसतं नाव पंजाबी होतं, उंची आर्वीचीच होती. म्हणून त्यांनी हुरडा धरला. जेवणाच्या सुट्टीत ते सांगायचे, की कोवळ्या ज्वारीचं कणीस गोवऱ्यांच्या आरात कसं भाजतात, गरम असतानाच हातावर कसं चोळतात, आणि ते हिरवे दाणे तोंडात टाकले की माणूस स्वतःचं नाव कसा विसरतो. "तुमच्या इकडे काय हाय? भात! सकाळी भात, संध्याकाळी भात!" असा शेवट ते नेहमी करत. हे बोलताना पुढ्यातल्या डब्यात भातच असे, पण त्याला इलाज नव्हता.

घरी ऐकणारी एकच होती. नऊ वर्षांची तारा. तिनं जन्मल्यापासून हुरडा ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. त्यामुळे तिनं मनातल्या मनात राक्षस, परी आणि हुरडा अशा तीन गोष्टी एकाच खणात ठेवल्या होत्या. त्या संध्याकाळी तिनं पाटीवरून मान वर न करताच विचारलं, "बाबा, तुम्ही हुरडा खाल्ला हाय का खरंच?"

पंजाबरावांचा तांब्या हातातच राहिला. "खाल्ला हाय का? अवो, आयकलं का! ही पोट्टी काय विचारून राहिली पाहा!"

"माह्या वर्गातली मुन्नी म्हणते, तेरे बाबा गप मारते हैं. असं काही राहतच नाही म्हणते. ज्वारी कोणी हिरवी खाते का म्हणते."

"मग तू काय म्हटलं?"

"मी काही नाही म्हटलं," तारा म्हणाली. "मले कुठं माहीत हाय?"

आतून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "सांगून काय होते? नऊ वर्षं सांगून राहिले. एकदा खाऊ घाला तिले."

माणसाला साहेबानं खोटं ठरवलं तर तो अर्ज करतो. शेजाऱ्यानं ठरवलं तर भांडतो. पण पोटच्या पोरीनं पाटी पुसता पुसता खोटं ठरवलं, तर तो काय करणार? पंजाबराव उठले, टोपी घातली (ती का घातली ते त्यांनाही सांगता आलं नसतं) आणि म्हणाले, "येत्या रविवारी. ह्याच अंगणात. हुरडा!"

इथवर गोष्ट अगदी सरळ होती बरं का. एक बाप, एक पोरगी, दहाबारा कणसं, चार गोवऱ्या. पण क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या आणि पलीकडे भैय्याजी राहत होते.

भैय्याजी नकाशे काढायच्या खात्यात होते. तिथं रोज दुसऱ्याच्या डोक्यातल्या गोष्टी कागदावर काढाव्या लागत, म्हणून घरी आल्यावर ते स्वतःच्या डोक्यातल्या गोष्टी दुसऱ्यांच्या गळ्यात मारत. पाच मिनिटांत ते ओसरीवर हजर.

"पंजाबराव, मी मुद्दाम आयकलं नाही, पण आयकू आलं. आगटी अंगणात पेटवणार?"

"मग काय खाटेवर?"

"नियम हाय ना बाप्पा! क्वार्टरच्या आवारात उघडी आग चालत नाही. मागे त्या बत्तीस नंबरवाल्यानं पाला जाळला, त्याले नोटीस आली. पाल्याले नोटीस येते, तर हुरड्याले काय येईन?" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू? तुमच्या कचेरीतल्या कृष्णराव साहेबाले बोलवा. नागपूरचा माणूस हाय, हुरड्याच्या नावानं धावत येईन. साहेब खुर्चीवर बसला, की मग कोण नोटीस काढते? अन् तुमचा तो सेक्टर पाचातल्या मोठ्या क्वार्टरचा अर्ज... म्हणजे मी काही म्हणत नाही."

भैय्याजी "मी काही म्हणत नाही" म्हणाले, की समजावं, सगळं म्हणून झालं आहे.

सोमवारी साहेबांना आमंत्रण गेलं. साहेब "वा" म्हणाले. साहेब येणार म्हणून हेडक्लार्कना बोलवावं लागलं. हेडक्लार्क येणार म्हणून दुसऱ्या हेडक्लार्कना. बुधवारपर्यंत माणसं चौदा झाली, शेंगदाण्याची, तिळाची आणि जवसाची अशा तीन चटण्या ठरल्या, आणि भैय्याजींनी आगटीचा नकाशा काढला. वरून दिसणारी आगटी, बाजूनं दिसणारी आगटी, मधोमध कापली तर दिसेल ती आगटी. कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशाही दाखवली होती, कारण साहेबांच्या डोळ्यात धूर जायला नको.

तारानं तो कागद उलटसुलट पाहिला. "बाबा, मी कुठं बसू?"

"तू? तू आत. आधी साहेब, मग पाव्हणे, मग बायामाणसं, मग पोट्टे. राहिला तर तुलेच हाय ना बेटा!"

तारा नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं पंजाबरावांना बोलण्याहून जास्त टोचत असे.

आता परवानगी. वसाहतीच्या कचेरीत पंजाबराव नकाशासकट गेले. खिडकीतल्या बाबूंनी नकाशा पाहिला, पंजाबरावांना पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला.

"यह क्या चीज़ है?"

"हुरडा."

"शादी है?"

"नाही."

"कोई मौत-गमी?"

"नाही हो! हुरडा. कोवळी ज्वारी. भाजून खायची."

"खाने का मामला है तो कैंटीनवाले देखेंगे। आग का है तो दमकलवाले। आँगन का है तो हम।" बाबूंनी चष्मा काढला. "पहले यह तय कीजिए, आपका मामला क्या है।"

पंजाबराव स्वतः आवक-जावकवाले. दुसऱ्यांचे कागद असे तीन टेबलांवर फिरवण्यात त्यांची हयात गेली होती. पण आपला कागद फिरायला लागला, की माणसाला एकदम कारभारातले दोष दिसायला लागतात. ते तीन दिवस तीन टेबलांपुढे उभे राहिले. शनिवारी दुपारी परवाना मिळाला. तो त्यांनी अन्नपूर्णाबाईंना उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला: "श्री पंजाबराव यांस आपल्या आवारात शेतमालाचे नियंत्रित ज्वलन करण्यास दुपारी चार ते सायंकाळी सहापर्यंत अनुमती आहे. दोन बादल्या वाळू व दमकलचा एक जवान हजर असावा. ज्वलनानंतर शेतमाल शिल्लक राहिल्यास कचेरीस कळवावे."

"म्हंजे उरलेला हुरडा कचेरीत द्या लागते का काय?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

आणि हुरडा? हो, तुम्ही विचाराल म्हणूनच थांबलो होतो. परवाना आला, नकाशा आला, चौदा पाहुणे ठरले, पण ज्वारी कुठे होती? छत्तीसगडात भात पिकतो. ज्वारी यायची होती वर्ध्याकडून. अन्नपूर्णाबाईंचे भाऊ देवराव मालगाडीवर गार्ड होते. ते रविवारी दुपारी दुर्गला उतरणार आणि सोबत पोतंभर कणसं आणणार, असं ठरलं होतं.

तर रविवारी पंजाबराव साहेबांसाठी इस्त्री केलेला पांढरा कोट घालून दुर्गला गेले. देवरावांनी पोतं हातात दिलं आणि बजावलं, "भाऊजी, हंगाम सरून राहिला. हा शेवटचा माल हाय. गावात पुन्हा मागितला तरी भेटणार नाही. सांभाळून न्या."

"अरे, मले शिकवतो का?" पंजाबराव म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोठ्या माणसांनी हे वाक्य म्हटलं, की पुढं काय होतं ते तुम्ही आपापल्या घरीसुद्धा पाहू शकता.

त्यांनी बाबुलालचा टांगा केला. अर्ध्या वाटेवर चहाची टपरी आली. बाबुलालनं घोडा सोडला नाही, नुसता थांबवला. पंजाबराव पोतं घेऊन खाली उतरले, कारण पोत्यावर त्यांचा जीव होता, आणि ते त्यांनी टांग्याच्या पुढच्या बाजूला, सावलीत ठेवलं.

"क्या माल है बाबूजी?" बाबुलालनं विचारलं.

असं कोणी विचारावं म्हणून पंजाबराव गेली नऊ वर्षं वाट बघत होते. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, एक कणीस काढलं आणि चहाचा ग्लास हातात घेऊन जे सुरू झाले, ते थेट नांगरणीपासून. पेरणी झाली, राखण झाली, पाखरं हाकलून झाली. "और फिर बाबुलाल, वो दाना ऐसा कोवळा, ऐसा कोवळा..." डोळे मिटून ते त्या कोवळेपणाला शब्द शोधत होते. तेवढ्यात मागून कुरूम कुरूम असा आवाज यायला लागला. पंजाबरावांना वाटलं, टपरीवाला काहीतरी कुटतो आहे. त्यांनी त्याला हातानं थांबायची खूणसुद्धा केली.

वळून पाहिलं तेव्हा घोड्याचं तोंड पोत्यात डोळ्यांपर्यंत गेलेलं होतं.

बाबुलालनं लगाम ओढला, पंजाबरावांनी पोतं ओढलं, घोड्यानं दोघांना ओढलं. शेवटी पोतं सुटलं. आत धांडे होते, लाळ होती आणि साडेतीन कणसं होती. अर्धं कणीस घोड्याच्या ओठाबाहेर लोंबत होतं, ते त्यानं पंजाबरावांकडे बघत बघत संपवलं.

बाबुलाल टांगा हाकत राहिला. सेक्टर चारच्या वळणावर मात्र त्याला राहवलं नाही. "बाबूजी, एक बात है। यह जानवर ऐसा-वैसा चारा मुँह नहीं लगाता। आपकी चीज़ सच में बढ़िया होगी।"

नऊ वर्षांत हुरड्याची ही पहिली खरी तारीफ होती, आणि ती पंजाबरावांच्या जिवाला लागली.

अंगणात सगळं तयार होतं. भैय्याजींनी नकाशाबरहुकूम आगटी पेटवली होती, पण वारा नकाशा न बघता वाहत होता, त्यामुळे साहेब दोनदा खुर्चीसकट हलवावे लागले. दमकलचा, म्हणजे आगीच्या बंबाचा, जवान दोन बादल्यांच्या मध्ये ताठ उभा राहून घड्याळ बघत होता. पाहुण्यांच्या पुढ्यात पत्रावळी होत्या आणि पत्रावळींवर तीन तीन चटण्या. खिडकीच्या गजांमागे तारा.

पंजाबरावांनी पोतं आत नेलं आणि अन्नपूर्णाबाईंना दाखवलं.

"घोड्यानं?" त्या म्हणाल्या.

"घोड्यानं."

"अन् तुम्ही काय करून राहिले होते?"

"मी सांगून राहिलो होतो."

अन्नपूर्णाबाईंनी साडेतीन कणसं पदरानं पुसायला घेतली. गजांमागच्या तारानं हे सगळं ऐकलं होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. राक्षस, परी आणि हुरडा असलेला तो खण तिनं पुन्हा बंद केल्याचं पंजाबरावांना तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

पण साहेब बाहेर बसले होते. साडेतीन कणसं आरात गेली. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. आर नको तितका रसरशीत होता, कारण भैय्याजींनी गोवऱ्या चौदा माणसांच्या हिशेबानं लावल्या होत्या. कणसं काढली तेव्हा ती कोळशात आणि कोळसा त्यांच्यात मिसळून गेला होता. चोळल्यावर जे निघालं, ते सगळंच्या सगळं साहेबांच्या पत्रावळीवर गेलं. चिमूटभर असेल.

कृष्णराव साहेबांनी ते तोंडात टाकलं. कडकड असा आवाज झाला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा," साहेब म्हणाले. "अगदी आमच्या नागपूरसारखा."

"काय चव हाय!" भैय्याजी म्हणाले. त्यांनी एक दाणाही खाल्ला नव्हता. दोन्ही हेडक्लार्कांनी माना डोलावल्या, त्यांनीही खाल्ला नव्हता. मग सगळे चटणी चाटत बसले, आणि पंजाबराव आगीकडे बघत उभे राहिले. तिथं उरलेल्या गोवऱ्या कोणाचीही वाट न बघता छान फुलत होत्या.

एवढ्यात मागच्या दारातून भागीरथा आली. ती रोज याच वेळी भांडी घासायला यायची. पूर्वी कारखान्याच्या जागेवर तिच्या सासऱ्याचं शेत होतं. आता तिथं रूळ तयार होत होते. भावाचं शेत मात्र लांब होतं म्हणून वाचलं होतं, आणि त्या शेतातून तिनं हिरव्या हरभऱ्याची एक पेंढी आणली होती, डहाळ्या, घाटे, पानं, सगळ्यासकट.

"ले नोनी, तोर बर चना लाने हँव," ती खिडकीतल्या ताराला म्हणाली. मग तिची नजर आगटीवर पडली, आणि नवरा ताट तसंच टाकून उठल्यावर बाईचा व्हावा तसा तिचा चेहरा झाला. "ए दाई! अतेक सुग्घर आगी बरत हे, अउ कुछु भूँजत नइ हव?"

एवढी छान आग, आणि कोणीच काही भाजत नाही! तिला कोणी उत्तर द्यायच्या आत तिनं अख्खी पेंढी आरावर टाकली.

"अवो भागीरथाबाई!" पंजाबराव ओरडले. "काय करून राहिल्या! हे हुरड्याची आगटी हाय! परवान्यात हरभरा नाही!"

पण हरभऱ्यानं परवाना मागितला नाही. डहाळ्या तडतडल्या, पानांचा चुरचुर आवाज झाला, आणि घाटे फुटून असा वास सुटला, की दमकलच्या जवानानं घड्याळावरची नजर काढली. तो जवळच्याच बेमेतऱ्याकडचा होता. "होरा!" तो म्हणाला. भाजलेल्या ओल्या हरभऱ्याचं तिकडचं नाव, एकच शब्द, पण आईला हाक मारावी तसा. त्यानं वाळूची एक बादली पालथी केली, तिच्यावर बसला आणि काडीनं घाटे बाहेर ओढायला लागला.

मग एक हेडक्लार्क उकिडवा बसला. ते पाहून दुसरा बसला. भैय्याजींनी "मी फक्त चव पाहतो" म्हणत मांडी घातली. शेवटी कृष्णराव साहेब खुर्चीवरून उठले, पँट वर ओढली आणि आरासमोर सरळ जमिनीवर टेकले. बोटं भाजत होती, फुंकरा चालल्या होत्या, तोंडं काळी होत होती. साहेबांच्या नाकाला काजळी लागली आणि ती कोणीच दाखवली नाही. शेंगदाण्याच्या चटणीला एकदाचं काम मिळालं. भैय्याजींच्या घरची माणसं भिंतीवरून उड्या मारून आली. सहा वाजून गेले, पण घड्याळ ज्याच्या हातावर होतं त्याचा हात आगीत होता.

फक्त पंजाबराव उभे होते. इस्त्रीच्या कोटात, हाताची घडी घालून. हा हुरडा नव्हता. आणि जी गोष्ट हुरडा नाही तिच्यात लोक इतके खूश कसे, हे त्यांना समजत नव्हतं, आवडतही नव्हतं. आपल्या अंगणात आपलीच फजिती व्हावी आणि कोणाच्या ती लक्षातही राहू नये, यापेक्षा मोठा अपमान कोणता?

तारा बाहेर आली होती. आधी साहेब, मग पाहुणे हा क्रम आता कोणी पाळत नव्हतं. तिनं मूठभर दाणे सोलले, वडिलांच्या समोर येऊन उभी राहिली आणि मूठ वर केली. पंजाबराव वाकले. तिनं दाणे त्यांच्या तोंडात घातले.

गरम, अर्धे कच्चे, थोडे जळलेले, मधे कुठं गोड. पंजाबराव चावत राहिले.

"बाबा, हुरडा यापेक्षा चांगला राहते का?"

पंजाबरावांनी छाती फुगवली. वाक्य तयार होतं, नऊ वर्षं तयार होतं. ते बोलणार एवढ्यात, पहिल्यांदाच, त्यांनी ती चव खरोखर आठवायचा प्रयत्न केला. शेत आठवलं. आगटी आठवली. त्यांचा बाप कणीस चोळताना जमिनीकडे बघत हसायचा, तेही आठवलं. चव येईना. त्यांनी पुन्हा चावलं. तोंडात हरभराच होता.

"मले आता आठवत नाही, बेटा," ते हळूच म्हणाले. "किती वर्षं झाले. सांगता सांगता विसरूनच गेलो."

तारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. बाबांचा हा आवाज गोष्ट सांगतानाचा नव्हता.

"म्हंजे खरंच खाल्ला होता," ती म्हणाली.

मग तिनं आपले दोन्ही काळे हात बाबांच्या पांढऱ्या कोटाला नीट, पुढून आणि मागून, बोटं उघडून पुसले. वळून आगीकडे पाहिलं. ज्याच्या त्याच्या हातात हरभरा होता आणि हरभरा आणणारी भागीरथा मागच्या दाराशी भांड्यांची टोपली घेऊन उभी होती. तारानं जाऊन तिचा हात धरला, तिला ओढत आगीपाशी आणलं, आणि कृष्णराव साहेबांच्या पाठीला कोपरानं ढोसून म्हणाली, "सरका ना जराक. मावशीले बसू द्या."